लिफ्टचा नवस

त्यांचा नारळ माझ्या दाराच्या चौकटीला अजून टांगलेला आहे. लाल कापडात बांधलेला. कापड उन्हाने विटून गुलाबी झालं, त्यावर खाणावळीच्या फोडणीचं तेल बसलं. हलवला की आत गोटा वाजतो. नवसाचा नारळ नवस पुरा झाल्यावर फोडायचा असतो. नवस पुरा झाला नाही आणि नारळवाला गेला. जेवायला येणारी नवी पोरं विचारतात, आजी, हे काय आहे? मी सांगते, ती लिफ्ट आहे.

माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड बोलायची पद्धत आहे. मला ते जमत नाही. ते चांगले होते, पण त्यांनी बायकोचं वाटोळं केलं. दोन्ही खरं आहे.

आमची चाळ लालबाग-परळच्या बाजूची. तळमजल्यावर आमची भिंतीला भिंत. ते मालवणकडचे, मी साताऱ्याकडची. गिरणीत ते कापड विणायचे साचे चालवायचे. साच्यांच्या खडखडाटाने कान गेले, म्हणून बोलणं कायम ओरडून. घरात बायकोकडे पाणी मागितलं तरी रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. गिरणी गेल्यावर एका बँकेच्या दारात वॉचमनचं काम केलं. तिथेही साहेबांनी तक्रार केली की हा माणूस गिऱ्हाइकांना दरडावतो. ते दरडावत नव्हते, नमस्कार करत होते.

नवरा गेल्यावर मी खाणावळ घातली. आधी गिरणीवाले जेवले, आता कुरियरवाली पोरं जेवतात. भावजींना माझं जेवण आवडायचं नाही, आणि ते रोज मागवून खायचे. मी त्यांना भावजी म्हणायची. ते मला घाटीण म्हणायचे.

"काय गो घाटणी, आमटीत नारळ खंय आसा?"

"नारळ तुमच्या टीव्हीपुढे असतो, तिकडे बघा."

हे टीव्हीचं सांगायला हवं.

गावात त्यांच्या घराण्याकडे गाऱ्हाणं घालायचा मान होता. आम्हा घाटावरच्यांना हे माहीत नसतं. देवापुढे नारळ ठेवायचा, एकाने उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्या आवाजात मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मागणारा एक, पण बांधले जातात सगळे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गावचा मान चुलतभावाने घेतला. भावजींकडे आवाज राहिला, गाऱ्हाणं पाठ राहिलं, आणि पुढे देव नव्हता. मग त्यांनी मुंबईत आपला देव शोधून काढला. राज्याच्या बजेटच्या दिवशी ते डोक्यावरून आंघोळ करायचे, धोतर नेसायचे, काळी टोपी घालायचे. टीव्ही दाराशी ओढून तोंड बाहेर करायचे. पुढे पाट, पाटावर तांदूळ, तांदळावर नारळ, बाजूला विडा आणि उदबत्ती. मंत्री बोलायला उभे राहिले की टीव्हीच्या काचेला कुंकू लावायचे. ते पुसायचं नाही. वर्षभर त्या टिळ्याखाली क्रिकेटवाले यायचे, बातम्यावाल्या बाया यायच्या. मंत्री बदलले, टिळा तिथेच होता. उंच मंत्र्याच्या गळ्यावर पडायचा, बुटक्याच्या कपाळावर.

चाळीतल्या सगळ्यांना बसवायचे. मधेच कुणी उठलं की ओरडायचे, आरती अर्धी सोडून जातंस? चपला घालून टीव्हीपुढे यायचं नाही. पोरं खूश असायची, कारण शेवटी गूळखोबरं मिळायचं. मीही डाळ चढवून येऊन बसायची.

"बा देवा म्हाराजा!" ते सुरू करायचे. "मंत्रालयातल्या, रेल्वेतल्या, वरच्या, खालच्या, पुलावरच्या, पुलाखालच्या देवा म्हाराजा! आज जो काय ह्यो नारळ तुझ्या म्होरं ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे. लेकरांची चूकभूल पोटात घाल. आणि बसगाडी, रेल्वे, पूल, जे काय तू आज बोलतलंस, ता आमच्या दारापर्यंत सुखरूप येऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दुसरं काही मागायचे नाहीत. घर नाही, पेन्शन नाही. फक्त येण्याजाण्याचं. एकदा मी विचारलं, धान्य स्वस्त कर असं का मागत नाही? म्हणाले, गिरणीत असताना पायी जायचो, पायी यायचो, कुणाच्या बापाला विचारावं लागत नव्हतं. आता कुठेही जायचं तर सरकार मधे येतं. जो मधे येतो त्यालाच सांगायचं.

सरकारला शिव्या दिलेल्या त्यांना चालायच्या नाहीत. देवाला कुणी शिव्या देतं का, म्हणायचे. फक्त एका शब्दावर चिडायचे. मंत्री 'टप्प्याटप्प्याने' म्हणाले की टोपी काढून मांडीवर आपटायचे. "टप्प्याटप्प्यान माणूस मरता. पूल टप्प्याटप्प्यान कसो बांधतत? अर्ध्यार लोक काय उडी मारतले?"

आता वहिनींचं.

त्यांची बायको माहेरची प्रभादेवीची. म्हणजे रुळांच्या पलीकडची. गाडीचा रस्ता पुलावरून होता तोवर टॅक्सीत बसलं की चहा निवायच्या आत माहेर. तिची आई लहानपणीच गेली, मोठ्या बहिणीने वाढवलं. त्या बहिणीकडे दर रविवारी जाऊन दोघी बोंबील साफ करत बसायच्या. एवढंच. देवळात नाही, सिनेमाला नाही. बोंबील.

मग वहिनींच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय गेला, तोंड वाकडं झालं. शब्द थोडेच राहिले. बहिणीच्या मुलाने चाकाची खुर्ची आणून दिली. त्यात बसवून भावजी तिला माझ्या दारात आणून ठेवायचे आणि ती एका हाताने माझा लसूण सोलायची. पाकळी दातात धरून, उजव्या हाताने साल ओढून. मी नको म्हणत नव्हते. हाताला काम असलेलं बरं. रविवारी टॅक्सीतून बहिणीकडे जाणं मात्र चालू राहिलं.

मग जुना गाडीरस्त्याचा पूल पाडला. नवा मोठा बांधायचा म्हणून. लोक शेवटच्या दिवशी तिथे फोटो काढायला गेले. आम्ही नाही गेलो. राहिला तो रुळांवरचा पायऱ्यांचा पूल. पायऱ्या उभ्या, धडधाकट माणूस वर जाऊन कठड्याला टेकतो.

टॅक्सीने वळसा घालून त्यांनी एकदा नेलं तिला. पूल नाही म्हणून सगळ्या गाड्या त्याच वळशाला. टॅक्सी सिग्नलला अडकली ती अडकलीच. वहिनींना लघवी धरवत नव्हती. टॅक्सीतच झालं. टॅक्सीवाला बडबडला, भावजी त्याच्यावर ओरडले, आणि ओरडणं ऐकून बाजूच्या गाड्यांतल्या लोकांनीही बघितलं. माहेरी गेल्या त्या ओल्या लुगड्याने. परत आल्यावर मला म्हणाल्या, "टॅक्सी नको." त्यानंतर टॅक्सी नाही.

त्या वर्षीच्या बजेटात मंत्री म्हणाले की शहरातल्या स्टेशनांवरच्या पुलांना लिफ्ट आणि सरकते जिने लावणार, राज्य आपला हिस्सा देणार, रेल्वे आपला देणार. भावजी पाटापुढून उठलेच. टीव्हीत मंत्री पुढचं वाचत होते, शेतीचं की कशाचं, ते यांना ऐकूच येत नव्हतं. नारळ दोन्ही हातांत घेतला आणि वर धरला.

"बा देवा म्हाराजा! तू आज पुलाक लिफ्ट बोललंस. ती सुखरूप खाली आण. तुझी लिफ्ट येतली तेव्हा पयली बसतली ती माझी बायल. आणि जोपर्यंत ती येणा नाय, तोपर्यंत माझी बायल दुसऱ्या कसल्याच वाटेन रूळ ओलांडूची नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं. मीही म्हटलं. तोंडात गूळ होता.

तो नारळ लाल कापडात बांधून त्यांनी माझ्या दाराला टांगला, खाणावळीत येणाऱ्या सगळ्यांना दिसावा म्हणून. दुसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर लागला, आपल्या पुलाला लिफ्ट मंजूर, खाली हात जोडलेले फोटो. भावजींनी बॅनरला नमस्कार केला.

वहिनी लसूण सोलत होत्या. मी म्हटलं, बघा, तुमच्यासाठी लिफ्ट येतेय. त्यांनी पाकळी तोंडातून काढली.

"माका कोणी इचारूक नाय," म्हणाल्या.

मला तेव्हा वाटलं, लिफ्टचं म्हणतायत.

मग वाट बघणं सुरू झालं. वाट कशी बघावी हे त्यांच्याकडून शिकावं. रस्त्यावर कुणी पिवळं हेल्मेट घातलेला दिसला की हे त्याला धरून माझ्याकडे आणायचे. एकदा तीन पायांवर दुर्बीण लावून दोघे जण मोजणी करत होते. त्यांना ओढत आणलं. "घाटणी, ह्येंका बांगडो वाढ. लिफ्टवाले आसत." ते बिचारे बांगडा खाता खाता म्हणाले, आजोबा, आम्ही लिफ्टचे नाही, आम्ही जमिनीखालच्या केबलचं मोजतो. भावजींनी त्यांना सोलकढी दिली. "मोजतास ना? मग मोजा. मोजता मोजता लिफ्टचाय मोजून ठेवा." जेवण झाल्यावर त्यांनी यांच्या समाधानासाठी पुलाच्या पायथ्याशी टेप धरला. भावजी दुसरं टोक धरून उभे. त्या मोजणीचं पुढे काय होणार ते सगळ्यांना कळत होतं. त्यांनाही कळत असावं.

मग काचेचा उभा डबा आला. पुलाच्या पायथ्यापासून वरपर्यंत. आम्हाला वाटलं, झालं. भावजींनी धोतर काढून इस्त्रीला दिलं. डब्यात यंत्र आलंच नाही. पुढच्या बजेटात मंत्र्यांनी सांगितलं की काम प्रगतिपथावर आहे. डब्यात कबुतरं राहायला गेली. वरची काच कुणी फोडली. खालच्या काचेला लोकांनी पानाच्या पिचकाऱ्या मारल्या आणि त्यावर रेल्वेने 'स्वच्छता राखा' लिहिलं.

विचारायला गेलं की राज्याचे लोक म्हणायचे, आमचा हिस्सा तयार आहे, रेल्वेने आधी द्यावा. रेल्वेचे म्हणायचे, आमचा तयार आहे, राज्याचा येऊ दे. भावजींना याचं नवल वाटलं नाही. त्यांच्या गावात देवीच्या पालखीचे दोन मानकरी. पहिला खांदा कुणाचा यावरून भांडण झालं. तू आधी उचल, नाहीतर मी उचलणार नाही. आणि तू आधी उचललीस तर मी उचलू देणार नाही. पालखी वर्षानुवर्षं देवळात. तिच्या दांड्याला वाळवी लागली. देवी आत बसून.

"मग सुटलं कसं?" मी विचारलं.

"सुटूक नाय," ते म्हणाले. "दोघेय मेले."

तरी बजेटच्या दिवशी धोतर, पाट, नारळ चालूच. नवीन नारळ पाटावर, जुना दाराला. मंत्री बदलले होते. टिळा आता मंत्र्याच्या चष्म्यावर पडत होता. चाळीतली माणसं कमी झाली, कारण रिडेव्हलपमेंटच्या आशेने कुणी विरारला गेलं, कुणी डोंबिवलीला. जे राहिले ते 'व्हय म्हाराजा' हसत हसत म्हणायला लागले. ते हसत नव्हते. आणि वहिनी त्या वेळी आत जायच्या. खुर्ची एका हाताने ढकलत, वाकडी वाकडी, भिंतीला आपटत.

बहीण यायची ना, असं कुणी विचारेल. बहीण म्हातारी, गुडघे गेलेले, तिला त्या पायऱ्या कुठल्या चढायला, आणि टॅक्सीतलं ऐकून तिनेही त्या वळशाचा धसका घेतलेला. नवा पूल अजून अर्धवट, दोघींच्या मधे रूळ. फोनवर बोलायच्या. म्हणजे बहीण बोलायची आणि वहिनी हुंकार द्यायच्या.

एक दिवस दुपारी बहिणीच्या मुलाचा फोन आला की आईचं काही खरं नाही, मावशीला आणा. फोन मीच घेतला, कारण भावजींना फोनवरचं ऐकू यायचं नाही. मी मंडळाच्या बाळ्याला हाक मारली. गणपती आणणारी पोरं ती. तो तीन जणांना घेऊन आला.

"काकींना खुर्चीसकट उचलतो, काका," बाळ्या म्हणाला. "गणपती उचलतो आम्ही. काकी काय जड आहेत?"

"नाय," भावजी म्हणाले.

मी म्हटलं, "भावजी, तिची बहीण मरतेय."

"कळता माका."

"मग?"

"म्हाराजाक शब्द दिलेलो आसा." ते आवाज चढवत नव्हते, पण त्यांचा आवाज होताच तसा, सगळी चाळ ऐकत होती. "त्यांनी शब्द पाळूक नाय. आपणच मोडलो, तर उद्या त्यांका इचारूक तोंड खंय आसा?"

"तोंड तुमचं. पाय हिचे. हिला कुणी विचारलं होतं?"

मला वाटतं, हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

वहिनींनी उजवा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. "उचला," म्हणाल्या. स्पष्ट म्हणाल्या. इतकं स्पष्ट मी वारं गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

तिन्ही पोरं पुढे झाली. बाळ्याने दांडी धरली आणि सोडली. त्याची बायको पोटुशी होती, दिवस भरत आलेले. तो मान खाली घालून म्हणाला, "काकी, तेव्हा व्हय आम्ही पण म्हणालो होतो ना."

मग बाकीच्यांनीही हात काढले. ही ऑफिसात काम करणारी पोरं, मोबाईलवर सगळं जग बघणारी. पण नवस मोडला तर तो कुणावर फिरेल याचा नेम नसतो, हे त्यांना आईच्या दुधातून मिळालेलं. घाटावरची मी एकटी. माझ्या देवाला एवढा राग येत नाही.

भावजींनी गावी फोन लावायला सांगितला. नवस मागे घ्यायचा काही मार्ग असेल तर म्हणून. तिकडे देवळातला म्हातारा फोनवर आला. मी ऐकत होते आणि यांच्या कानात ओरडून सांगत होते. तो म्हणाला, मार्ग आहे. ज्याच्यापुढे शब्द दिला त्याच्याच पुढे दुसरा नारळ ठेवायचा, चुकी कबूल करायची, तो मोकळं करतो. कुठल्या देवापुढे दिला होता?

भावजी टीव्हीकडे बघत राहिले. तो मंत्री आता मंत्री नव्हता. पक्षही बदलला होता म्हणे. तो कुठे राहतो, हे चाळीत कुणाला माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी कुणी दारात घेतलं असतं का.

"कोणत्या देवापुढे?" तो फोनवर परत विचारत होता. मी फोन बंद केला.

मग मी खुर्ची स्वतः ढकलली. डाळ गॅसवर तशीच. कुणी अडवलं नाही. नाक्यावरून पुलाच्या पायथ्यापर्यंत आले. बाजूला काचेचा डबा, आत कबुतरं. पुढे पायऱ्या. वर बघितलं की मान दुखावी अशा. दोन माणसं थांबली. आमच्या ओळखीची नव्हती, ऑफिसातून सुटलेली, खांद्याला बॅगा. एकाने विचारलं, आजींना वर न्यायचंय का? आम्ही नेतो की. त्यांनी बाह्याही सरकवल्या.

या दोघांनी कधी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, हो, न्या.

"नको," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, "वहिनी, वेडेपणा करू नका."

त्यांना बोलायला वेळ लागायचा. ती दोन माणसं बाह्या सरकवून उभी राहिली. गर्दी आमच्या दोन्ही बाजूंनी वर जात होती.

"बाळ्याच्या बायलेचे दिवस भरत इलेत," त्या म्हणाल्या. "मागे घे."

मी खुर्ची वळवली. नाक्यावर भावजी उभे होते, टोपी हातात घेऊन. आमच्या मागे आले होते पण पुलापर्यंत आले नाहीत. बायको वर जाईल की परत येईल, यातलं त्यांना काय हवं होतं, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. मी विचारलंही नाही. घरी आलो तेव्हा डाळ करपली होती.

बहीण संध्याकाळी गेली. तिच्या मुलाने मोबाईलवर तोंड दाखवलं. त्याने मोबाईल वाकडा धरला होता. वहिनींना बहिणीचं तोंड दिसलं की नाही मला सांगता येणार नाही. मला वरचा पंखा दिसला, हळू फिरणारा.

बाळ्याला पोरगा झाला. धडधाकट. आता दिवसभर गॅलरीत बोंबलत असतो. कधी कधी मी त्याच्याकडे बघते आणि मला राग येतो. त्यात त्याचा दोष नाही.

वहिनी त्यानंतर फार टिकल्या नाहीत. लसूण सोलता सोलता हात थांबायचा. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. मी म्हणते, कंटाळा. या बाजूच्या स्मशानात नेलं. तिथपर्यंत काही प्रश्न नव्हता. प्रश्न आला अस्थींचा. आमच्याकडचे सगळे दादर चौपाटीला नेतात. दादर चौपाटी रुळांच्या पलीकडे.

मी म्हटलं, भावजी, आता तरी पुरे करा. ती गेली, नवस सुटला.

त्यांनी मान हलवली. नवसात ती जिवंत असेपर्यंत असं कुठे म्हटलं होतं? रूळ ओलांडूची नाय, एवढंच म्हटलं होतं. शब्द जसा दिला तसा.

अस्थी शिवडीला नेल्या. या बाजूलाही समुद्र आहे, म्हणायला. बाळ्या, भावजी आणि मी. भरती नव्हती. चिखल होता, तेलाचा थर होता, जुन्या होडीचा सांगाडा होता. लांब पाण्यात ते गुलाबी पक्षी उभे होते, ते बघायला लोक गाड्या घेऊन येतात. भावजींनी मडकं उपडं केलं. राख चिखलावर पडली आणि तिथेच राहिली. पाणी यायची वाट बघत आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. मग बाळ्या म्हणाला, काका, येईल भरती. भावजी म्हणाले, व्हय, येतली. टप्प्याटप्प्यान.

हा त्यांचा मी ऐकलेला शेवटचा विनोद. आम्ही हसलो नाही.

पुढच्या बजेटला त्यांनी पेटीतून धोतर काढलं नाही. टीव्ही विकून टाकला होता. मी म्हटलं, पाट मांडायचा नाही का? ते म्हणाले, भूक लागली, जेवायला वाढ. माझ्या खाणावळीत पोरांसाठी छोटा टीव्ही आहे, तो चालू होता. भावजी भिंतीकडच्या टेबलाला बसले. पोरं खाली मान घालून मोबाईल बघत जेवत होती.

मंत्री नवे होते. कोरा सदरा, टिळा नाही. वाचता वाचता ते म्हणाले की शहरातल्या स्टेशनांवरच्या पुलांना लिफ्ट आणि सरकते जिने लावणार, आपला हिस्सा द्यायला राज्य बांधील आहे, जनतेने सहकार्य करावं, धीर धरावा. शब्द जवळजवळ तेच.

मी भाताचं पातेलं घेऊन उभी होते. भावजींनी ताटावर हात आडवा धरला. उठले नाहीत. टोपी नव्हती, म्हणून डोक्यावरून नुसताच हात फिरवला.

"व्हय म्हाराजा," म्हणाले.

हळू म्हणाले. त्या माणसाचं हळू बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. शेजारच्या टेबलावरच्या पोरांनाही ऐकू गेलं नाही. इतकी वर्षं मागणं त्यांनी मागितलं आणि व्हय आम्ही म्हटलं. त्या दिवशी मागणारा टीव्हीत होता, आणि व्हय म्हणायला ते एकटे उरले होते.

मी त्यांचा हात बाजूला केला आणि भात वाढला.